वारुळासारखी इमारत म्हणजे नक्की काय?

निसर्गाकडून शिकलेल्या वास्तुरचनेचा विषय निघाला की हरारेच्या ‘ईस्टगेट’ इमारतीचे नाव हमखास येते. झिंबाब्वेच्या राजधानीतले हे दुकाने आणि कार्यालयांचे संकुल १९९६ साली उभे राहिले. वास्तुरचना मिक पिअर्स यांची, अभियांत्रिकी ‘अरूप’ कंपनीची. गोष्ट अशी सांगतात: बाहेर कितीही ऊन तापले तरी वाळवीच्या वारुळात गारवा असतो, पिअर्स यांनी वारुळाची रचना जशीच्या तशी उचलली आणि ही इमारत विजेशिवाय थंड राहते. गोष्ट छान आहे, पण ती बरीचशी चुकीची आहे. आपल्या गर्दीच्या शहरांत समाजमंदिर, मंडई किंवा वाचनालय बांधताना हीच गोष्ट डोळ्यांसमोर ठेवली, तर लोकांच्या पैशातून उकाड्याचे सभागृह तयार होईल.

आधी विजेचे पाहू. ईस्टगेटमध्ये पंखे आहेत आणि ते दिवसरात्र चालतात. नऊ मजल्यांच्या दोन लांबट इमारती आणि मधे काचेच्या छताखालची मोकळी जागा, अशी रचना आहे. या मोकळ्या जागेतली हवा पंखे आत ओढतात, ती पोकळ काँक्रीटच्या जमिनींतून खोल्यांत जाते आणि छपरावरच्या ४८ धुराड्यांतून बाहेर पडते. दिवसा आतली हवा तासाला साधारण दोनदा बदलली जाते, रात्री दहादा. खरे काम रात्रीचे आहे. थंड हवा काँक्रीट आणि विटांचे जड अंग गार करते आणि दुसऱ्या दिवशी तेच अंग माणसांची, यंत्रांची उष्णता शोषून घेते. खिडक्या लहान आहेत आणि भिंतींवर सावली पडेल असे खोल छज्जे आहेत. वीज लागते, पण बरीच कमी. शिवाय वातानुकूलनाची यंत्रणाच न बसवल्याने बांधकामाच्या वेळी सुमारे ३५ लाख डॉलर वाचले. पर्यावरणस्नेही बांधकाम नेहमी महागच पडते, या समजाला हे चोख उत्तर आहे.

आता वारूळ. स्विस कीटकशास्त्रज्ञ मार्टिन ल्यूशर यांनी १९६१च्या सुमारास मांडले की वाळवीच्या शरीराची आणि तिच्या बुरशीच्या शेतीची उष्णता हवा वर ढकलते आणि त्यातून वारुळात हवा खेळती राहते. वारूळ म्हणजे नैसर्गिक एसी, हे चित्र तेव्हापासून रूढ झाले. पुढे स्कॉट टर्नर आणि रूपर्ट सोअर यांनी आफ्रिकेतल्या वारुळांचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा वेगळेच दिसले. वाळवीचे घरटे जमिनीत असते आणि त्याचे तापमान भोवतालच्या मातीबरोबर ऋतूनुसार वरखाली होते. वर दिसणारा मातीचा उंचवटा घरटे थंड ठेवायला बांधलेला नसतो. तो वसाहतीचे फुप्फुस आहे. वाऱ्याच्या झुळकांनी आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, ऑक्सिजन आत येतो.

यापुढची माहिती आपल्या जवळची आहे. बंगळुरू परिसरातल्या वारुळांवर केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्या वारुळांच्या बाहेरच्या पातळ कडा दिवसा लवकर तापतात आणि रात्री लवकर निवतात. आतला गाभा मात्र सावकाश बदलतो. या फरकामुळे हवा दिवसा एका दिशेने फिरते, रात्री उलट. म्हणजे दिवसरात्रीच्या तापमानातल्या अंतरावर जगणारे वारूळ खरोखर आहे आणि ईस्टगेटही त्याच अंतरावर चालते. हेतू वेगळे, इंधन एकच. मला वाटते, शिकण्यासारखे तिथेच आहे. आकार उचलून काहीच हाती लागत नाही.

त्यातूनच सर्वांत नुकसानकारक समज उघडा पडतो: चांगली रचना कुठेही चालते. हरारे समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचावर आहे आणि तिथल्या रात्री थंड होतात. पुण्यात एप्रिलमध्ये दिवसाचे कमाल तापमान सरासरी ३८ अंशांच्या आसपास आणि किमान विशीच्या घरात असते. तिथे जाड भिंती, रात्री उघडे झरोके आणि वाड्यातला चौक यांना अर्थ आहे. मुंबईत मे महिन्यात कमाल ३३-३४ आणि किमान २७ अंश. सोबत दमट हवा. रात्र इतकी कमी निवते की काँक्रीटला साठवायला गारवाच मिळत नाही. मुंबईत ईस्टगेटची नक्कल केली तर जड भिंती उष्णता साठवत बसतील.

मुंबईने पाहायचे ते सिंगापूरकडे. तिथल्या ‘काम्पुंग अ‍ॅडमिरल्टी’ला २०१८ मध्ये जगातली सर्वोत्तम इमारत म्हणून गौरवले गेले. वास्तुरचना ‘वोहा’ संस्थेची. दाट शहरात सामायिक जागेला वावच नसतो, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर अभ्यासावे. भूखंड जेमतेम ०.९ हेक्टरचा. एरवी प्रत्येक खात्याने आपापला तुकडा मागितला असता. इथे सगळे एकावर एक रचले आहे. तळाला चारी बाजूंनी खुले सार्वजनिक पटांगण, वर खाऊगल्लीसारखे खाद्यकेंद्र, त्यावर वैद्यकीय केंद्र, वर पायऱ्यापायऱ्यांची बाग आणि ज्येष्ठांसाठी १०४ सदनिका. ज्येष्ठांचे केंद्र आणि पाळणाघर शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे आजीआजोबा आणि मुले रोज एकमेकांना दिसतात. पटांगणावर वरच्या मजल्यांचीच सावली आहे, वारा आरपार जातो, पाऊस आला तरी कार्यक्रम थांबत नाही. वैद्यकीय केंद्राला एसी लागतोच, तो आहे. लोकांच्या उठण्याबसण्याच्या जागेला मात्र सावली आणि वारा पुरतो. कोकणातल्या घराची पडवी हेच काम करत आली आहे.

भिंतीवर झाडे लावली की इमारत हरित झाली, हा समज मात्र थोडक्यात निकालात काढता येतो. ओल्या मातीचे वजन घनमीटरला दीड टनाहून जास्त भरते. ते पेलायला जास्त काँक्रीट आणि लोखंड लागते. मिलानच्या ‘बोस्को व्हर्टिकाले’ या मनोऱ्यांवरच्या झाडांची छाटणी करायला दोरावर लटकणारे प्रशिक्षित माळी नेमावे लागतात. श्रीमंत रहिवाशांच्या इमारतीला ते परवडते. पालिकेच्या समाजमंदिरात पहिल्या उन्हाळ्यानंतर कुंड्यांत वाळलेल्या काड्या उरतात, कारण देखभालीची तरतूद कुणी केलेलीच नसते. तेवढ्याच पैशात दारापुढे जमिनीत चार मोठी झाडे लावावीत, मुळांभोवती पेव्हर ब्लॉक घालू नयेत आणि पश्चिमेच्या भिंतीवर खोल छज्जा द्यावा.

तुमच्या प्रभागात असे काही बांधले जात असेल, तर आराखड्यावर हरकती मागवण्याच्या वेळीच विचारा: मे महिन्यात वारा कोणत्या बाजूने येतो आणि त्या बाजूला उघड्या जागा आहेत का, दुपारी तीनला ऊन कोणत्या भिंतीवर पडते, रात्री झरोके कोण उघडणार, आणि वीज गेली तर सभागृहात तासभर बसता येईल का.