रविवारी दवाखाना की व्याख्यान?

दाढेत चांदी भरण्याचे दिवस सरत आल्याची बातमी नोव्हेंबर २०२५ मध्ये सगळ्यांनीच वाचली. पाऱ्याच्या वापरावरच्या मिनामाता कराराच्या देशांनी जिनिव्हात पारामिश्रित फिलिंग २०३४ पर्यंत बंद करायचं ठरवलं. तोंडातली जुनी, शाबूत चांदी उकरून काढायला धावू नका. खरा प्रश्न यापुढे दात भरणाऱ्या डॉक्टरांच्या हाताचा आहे. चांदी थोडा ओलावा खपवून घेते. दातांच्या रंगाच्या रेझिनला मात्र दात कोरडा लागतो आणि ते थराथराने भरून प्रकाशाने कडक करावं लागतं. नालासोपाऱ्याच्या आचोळे रोडवर पंचवीस वर्षं दवाखाना चालवणाऱ्याने हे कुठे आणि कधी गिरवायचं?

कागदावर सोय आहे. भारतीय दंत परिषदेने २००७ मध्ये निरंतर दंतशिक्षणाचे (सीडीई) नियम केले. व्याख्यानाला, कार्यशाळेला जा, सीडीई पॉइंट मिळवा, राज्य परिषदेत नोंदणीच्या नूतनीकरणाला ते दाखवा. पण पॉइंट हजेरीचे मिळतात. मागच्या रांगेत मोबाइल चाळणाऱ्यालाही तेवढेच.

हजेरी तरी कशी लावायची? नालासोपाऱ्याचा पेशंट सकाळच्या लोकलने मुंबईला जातो आणि रात्री परततो. दाढ दाखवायला त्याला रात्र किंवा रविवार, आणि बहुतेक कार्यक्रमही रविवारीच. मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयापर्यंत जायचं म्हणजे ऐन गर्दीचा दिवस बुडवायचा. मदतनीसाचा पगार आणि गाळ्याचं भाडं काही थांबत नाही.

तरीही शिकावं लागतंच, कारण पदवीनंतर शास्त्र थांबत नाही. मायामीचे जबड्याचे शल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी २००३ मध्ये ३६ रुग्णांची नोंद छापली. हाडांसाठी बिस्फॉस्फोनेट गटाची औषधं घेणाऱ्या या रुग्णांच्या जबड्याचं हाड उघडं पडलं होतं, भरून येत नव्हतं. त्यातले बरेचसे कर्करोगाचे, शिरेतून मोठे डोस घेणारे होते. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याला एक गोळी घेणाऱ्या आजींना धोका बराच कमी, पण शून्य नाही. म्हणून दाढ काढण्याआधी ‘हाडांचं काही औषध, इंजेक्शन चालू आहे का?’ हे विचारायचं. २००० साली पदवी घेतलेल्याला हे कॉलेजात शिकवलेलं असणंच शक्य नाही.

असंच प्रतिजैविकांचं. बहुतेक दातदुखीत गोळ्यांचा कोर्स नको, दातावरच उपचार करा, असं अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. तरी आपल्याकडे ‘पाच दिवस घ्या, मग बघू’ सर्रास चालतं. रुग्णही तेच मागतात, हेही खरंच.

नुसत्या व्याख्यानांनी हे बदलेल, यावर माझा विश्वास कमीच. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेनच्या २००९ च्या आढाव्यात शैक्षणिक बैठकांनी आरोग्यसेवकांच्या वागण्यात साधारण सहा टक्क्यांचीच सुधारणा दिसली. व्याख्यानासोबत चर्चा आणि सराव असला की परिणाम थोडा वाढतो.

संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याच्या जागी तो आणला आहे, तर पॉइंटांचा हिशेबही नव्याने मांडावा. दुपारी एक ते पाच बहुतेक दवाखाने बंदच असतात. त्या वेळात महाविद्यालयाने एखादा अध्यापक वसईला पाठवावा, दहा-बारा डॉक्टरांनी आपल्याच फसलेल्या केसेसचे एक्स-रे घेऊन त्याच्यासमोर बसावं, आणि पॉइंट त्याचे मिळावेत.