चला, सहकुटुंब भोपाळला!



सुगी आटोपली, हातात चार पैसे आले, की घरात सहलीचा विषय निघतो. पोरांना पाणी आणि वाघ पाहायचा असतो, गुरुजींना इतिहास दाखवायचा असतो. आणि म्हातारी आई कोपऱ्यातून म्हणते, "तुम्ही जा बाबा, मी घर राखते." पुष्कळ घरांत बेत तिला वगळूनच ठरतो. तो तिला धरून कसा ठरवावा, हे आज सांगायचं आहे. त्यासाठी शहर घेऊ या भोपाळ.

भोपाळ आपल्याला तसं जवळचं. भुसावळहून खंडवा-इटारसीमार्गे आणि नागपूरहून बैतूल-इटारसीमार्गे थेट गाड्या जातात. इटारसी सोडली की नर्मदा लागते. तेवढ्या वेळेला आईला खिडकीशी बसवा. नर्मदेचं दर्शन गाडीतच घडेल.

आणि तिथला मोठा तलाव! अकराव्या शतकात राजा भोजानं कोलांस नदी मातीच्या बांधानं अडवली, असं मानतात. पूर्ण भरला म्हणजे तलाव सुमारे ३१ चौरस किलोमीटर पसरतो. आपल्या हिशेबानं साडेसात हजार एकरांहून जास्त! शहराच्या मोठ्या भागाला आजही याचंच पाणी प्यायला मिळतं.

आता बेत. पहिली गोष्ट हंगामाची. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते खरी, पण पारा चाळिशीच्या वर जातो. म्हाताऱ्या माणसाला तो सोसत नाही. पावसाळ्यानंतर तलाव भरलेला असतो आणि ऊनही निवतं. तेव्हा दिवाळीची सुट्टी बरी. कापसाची वेचणी किंवा हरभऱ्याची पेरणी आडवी येत असेल, तर मागं कोण थांबणार, हे आधीच ठरवा. दर वेळी आईच का?

दुसरी गोष्ट तिकिटाची. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होतं. सुट्टीतल्या गाड्या लवकर भरतात, म्हणून तारीख आधीच पक्की करा. ४५ वर्षांवरच्या बायकांसाठी आणि ६० वर्षांवरच्या पुरुषांसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो. तिकीट काढतानाच तो मागून घ्या. शहरात मोठी स्थानकं दोन आहेत, भोपाळ जंक्शन आणि राणी कमलापती. दुसऱ्याचं नाव २०२१ पर्यंत हबीबगंज होतं. आपली गाडी कुठं थांबते ते पाहून मगच उतरण्याची जागा ठरवा.

तिसरी गोष्ट, म्हणजे रोज काय पाहायचं. इथंच बहुतेक बेत फसतात. एका दिवसात सहा ठिकाणं लिहिली, की पोरं रडतात, आईचे गुडघे धरतात आणि सगळा दिवस रिक्षा शोधण्यात जातो. दिवसाला एक मोठी जागा पुरे, फार तर दोन.

पहिल्या दिवशी विसावा घ्या आणि संध्याकाळी तलावावर जा. पोरांना नावेत बसायचं असेल तर जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय बसवू नका. आईला भीती वाटत असेल तर एकानं तिच्यापाशी काठावर बसावं, मग पाळी बदलावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावाकाठचं वनविहार बघा. तिथं वाघ-अस्वलं आहेत. पायी फिरणं झेपणार नसेल, तर आत वाहनाची काय सोय आहे, हे दारावरच विचारा. दुपारी जवळच, श्यामला टेकडीवर, जनजातीय संग्रहालय आहे. गोंड, भिल्ल, कोरकू यांची घरं, देव आणि चित्रं तिथं पाहायला मिळतात. कोरकू म्हणजे आपल्या मेळघाटातलेच लोक. मात्र संग्रहालय सोमवारी बंद असतं; वार बघून बेत करा.

तिसऱ्या दिवशी सांची किंवा भीमबेटका. दोन्ही जागा शहरापासून सुमारे ४५ ते ५० किलोमीटरवर, पण वेगवेगळ्या दिशांना. तेव्हा एकच निवडा. सांचीला अशोकाच्या काळात आरंभ झालेला स्तूप आहे. भीमबेटक्याला आदिमानवाची गुहाचित्रं आहेत. ती १९५७ मध्ये विष्णु श्रीधर वाकणकर या मराठी संशोधकानं उजेडात आणली. गुरुजी, हे मुलांना जरूर सांगा. १७३७ साली पहिल्या बाजीरावानं निजामाला याच भोपाळात कोंडलं होतं, हेही सांगा.

राहिल्या बारीक गोष्टी. आईची औषधं दोन दिवसांची जास्त घ्या आणि हातातल्या पिशवीत ठेवा. पोरांच्या खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घाला. पैसे एकाच खिशात ठेवू नका.

आणि परतण्याआधी एकदा सगळे मिळून कमला पार्काजवळच्या बांधावर जा. आईला विचारा, तिच्या लहानपणी गावच्या तळ्याचा बांध कोण राखायचं, गाळ कोण काढायचं? ही माहिती पोरांच्या पुस्तकात नाही. गावी आलात की पोरांना घेऊन आपल्या तळ्यावर एक चक्कर मारा.