भिवंडीतलं छोटं तेलंगण

भिवंडी म्हटलं की लोकांना यंत्रमाग, गोदामं आणि ट्रकची रांग आठवते. पण इथल्या पद्मानगरात एकदा फिरून बघा. दुकानांवर तेलुगू पाट्या, कानावर तेलुगू आणि मराठीची सरमिसळ. तेलंगणातल्या करीमनगर, वरंगल, नलगोंडा भागातले पद्मशाली विणकर मागावरच्या कामासाठी इथे आले आणि कायमचे भिवंडीकर झाले. मार्कंडेय ऋषी हे त्यांचं कुलदैवत.

खाण्याबद्दल बोलायचं तर आधी सर्वपिंडी! तांदळाच्या पिठात भिजवलेली हरभरा डाळ, शेंगदाणे, तीळ, हिरवी मिरची घालायची, खोलगट भांड्यात थापायची, बोटाने भोकं पाडून तेल सोडायचं. आपल्या थालीपिठाची चुलत बहीणच, फक्त जास्त कुरकुरीत. संक्रांतीला सकिनालू: तांदळाचं पीठ, तीळ, ओवा, आणि हाताने वळलेली गोल कडी. साच्याला तिथे काम नाही.

भिवंडीची दमट हवा माणसाला नकोशी वाटते, पण कोरड्या हवेत सूत जास्त तुटतं. मागाला ओलावा मानवतो!

गावी जायला खासगी बस, नाहीतर कल्याणहून देवगिरी एक्सप्रेस. मनमाड, नांदेडवरून थेट निजामाबाद.

सगळ्यात देखणा सण बतुकम्मा. सर्वपित्री अमावास्येपासून नऊ दिवस तरवड, कुरडू, झेंडूच्या फुलांचे थर रचतात, भोवती बायका फेर धरून गातात. नवरात्रात संध्याकाळी जा. फोटो काढण्याआधी मात्र विचारा.