करमाळ्याचा ग्राहक आणि मोबाइल कंपन्यांची स्पर्धा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

करमाळा तालुका सोलापूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला असला, तरी दूरसंचाराच्या नकाशावर तो ‘महाराष्ट्र’ नावाच्या सेवाक्षेत्रात मोडतो. सेवाक्षेत्र, म्हणजेच बोलीतले ‘सर्कल’, हा मोबाइल कंपनीला ज्या भूभागासाठी परवाना मिळतो तो भूभाग असून, महाराष्ट्र सर्कलमध्ये मुंबई महानगर वगळता उर्वरित राज्य आणि गोवा यांचा समावेश होतो. परवाना एवढ्या विस्तीर्ण प्रदेशाचा असतो; ग्राहकाची गरज मात्र जेऊरच्या बाजारपेठेपुरती किंवा उजनी जलाशयाकाठी कंदर, वांगी परिसरातल्या केळीच्या बागेपुरती असते. मोबाइल कंपन्यांच्या स्पर्धेविषयीचे अनेक गैरसमज या अंतरातूनच उपजलेले आहेत.

मोबाइल स्वस्त झाला तो केवळ तंत्रज्ञानामुळे, ही समजूत सर्वांत जुनी आहे. ३१ जुलै १९९५ रोजी देशातला पहिला मोबाइल संवाद झाला, तेव्हा प्रत्येक सर्कलमध्ये दोनच खासगी कंपन्यांना परवाने देण्याचे धोरण होते. महाराष्ट्रात त्या दोन कंपन्या बीपीएल आणि बिर्ला एटी अँड टी या होत्या. मिनिटाचा दर गर्दीच्या वेळी १६ रुपयांच्या आसपास असे आणि आलेल्या कॉललाही पैसे मोजावे लागत. पुढे बीएसएनएलसह तिसरी, चौथी कंपनी आली, १ मे २००३ पासून येणारे कॉल मोफत झाले, आणि २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा असा दर लावताच इतरांनाही काही महिन्यांत तोच मार्ग धरावा लागला. यंत्रे तीच होती. दर बदलले ते ग्राहक निघून जाईल या धास्तीने. इंटरनेटची कथा याहून बोलकी आहे. फोर-जी तंत्रज्ञान पुण्यात २०१२ सालीच पोहोचले होते, तरी २०१४ मध्ये एका जीबीमागे कंपन्यांना मिळणारे सरासरी उत्पन्न २६९ रुपये होते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात उतरल्यानंतर २०१८ पर्यंत ते ११.७८ रुपयांवर आले. नव्या तंत्रज्ञानाने क्षमता वाढवली हे खरे, पण त्या क्षमतेचा लाभ ग्राहकाच्या पदरात पडला तो नव्या प्रतिस्पर्ध्यामुळे.

दर सरकार किंवा ‘ट्राय’ ठरवते, हा गैरसमज दरवाढीच्या दिवसांत विशेष ऐकू येतो. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, १९९७ मध्ये स्थापन झाले. मात्र मोबाइलचे बहुतेक दर ठरवण्याचे स्वातंत्र्य त्याने कंपन्यांवरच सोडलेले असून, नवा दर लागू केल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत तो ट्रायला कळवणे एवढेच बंधन त्यांच्यावर आहे. त्यामुळे दरांना लगाम घालण्याचे काम प्रामुख्याने स्पर्धेकडे येते, आणि स्पर्धा क्षीण झाली की लगामही सैल होतो. २०१७ ते २०१९ या काळात रिलायन्स कम्युनिकेशन्स, एअरसेल, टेलिनॉर आणि टाटा बाजारातून बाहेर पडले, व्होडाफोन व आयडिया एक झाल्या, आणि मोजक्याच विक्रेत्यांच्या हाती बाजार असणे, ज्याला अर्थशास्त्रात अल्पाधिकार म्हणतात, ती स्थिती निर्माण झाली. जुलै २०२४ मध्ये उरलेल्या तिन्ही खासगी कंपन्यांनी दोन दिवसांच्या आत सुमारे ११ ते २५ टक्क्यांनी दर वाढवले. त्या महिन्यात तिघींचेही ग्राहक घटले आणि दर न वाढवणाऱ्या बीएसएनएलच्या ग्राहकांत देशभरात सुमारे २९ लाखांची भर पडली. पण वर्ष संपण्यापूर्वीच हा ओघ उलटला. स्वस्त दर ग्राहकाला ओढून आणतो, त्याला टिकवून ठेवायला मात्र रेंजच लागते.

चार कंपन्या म्हणजे चार पर्याय, हे गणितही करमाळ्यासारख्या तालुक्यात गावागणिक तपासावे लागते. बाजारपेठेत चारही कंपन्यांची सिमकार्डे मिळत असली, तरी ज्या वस्तीवर एकाच कंपनीची रेंज पुरेशी येते, तेथील कुटुंबाच्या दृष्टीने ती कंपनी मक्तेदारच असते. याच्या जोडीला, प्रत्येक कंपनीचा टॉवर स्वतंत्र असतो असाही समज आढळतो. प्रत्यक्षात टॉवरचा सांगाडा, वीज आणि बॅटरी यांची व्यवस्था बहुधा वेगळ्या टॉवर कंपनीकडे असते आणि एकाच सांगाड्यावर अनेक कंपन्या आपापली उपकरणे बसवतात. म्हणून गावात टॉवर दिसतो एवढ्यावरून कोणाकोणाची सेवा तेथे आहे, हे कळत नाही. ते पाहण्यासाठी कंपन्यांनी आपापल्या व्याप्तीचे नकाशे संकेतस्थळावर द्यावेत, असे ट्रायच्या २०२४ च्या सेवा-गुणवत्ता विनियमांनी बंधनकारक केले आहे. नकाशा पाहावा, पण विहिरीजवळ आणि घराच्या आतल्या खोलीत शेजाऱ्याचा फोन चालतो का, हेही पाहावे.

सर्वाधिक नुकसान करणारा गैरसमज मात्र कंपनी बदलण्याविषयीचा आहे. नंबर जाईल, बँक व आधारची जोडणी तुटेल, जुनी कंपनी परवानगी देणार नाही, अशा भीतीपोटी असंख्य ग्राहक नको असलेली सेवा वर्षानुवर्षे सोसतात. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय, म्हणजे नंबर पोर्ट करणे, २० जानेवारी २०११ पासून देशभर आणि ३ जुलै २०१५ पासून एका सर्कलमधून दुसऱ्यातही उपलब्ध आहे. त्यामुळे करमाळ्याहून मुंबईला कामासाठी गेलेल्या तरुणालाही नंबर सोडावा लागत नाही. ‘पोर्ट’ हा शब्द इंग्रजीत लिहून, जागा सोडून, आपला दहा अंकी नंबर १९०० वर संदेशाने पाठवला की आठ अक्षरांचा संकेतांक मिळतो. तो महाराष्ट्रात चार दिवस वैध असतो आणि नव्या कंपनीच्या दुकानात ओळखपत्रासह द्यावा लागतो. सर्कलच्या आत हे काम तीन कामकाजाच्या दिवसांत व्हायला हवे. अटी मोजक्या आहेत : सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस झालेले असावेत, पोस्टपेड बिल थकलेले नसावे, आणि सिम नुकतेच बदलून घेतले असल्यास सात दिवस थांबावे. नंबर बदलत नसल्याने बँक आणि आधारची नोंद जशीच्या तशी राहते. फक्त यूपीआय ॲपमध्ये नव्या सिमची पडताळणी पुन्हा करावी लागू शकते. शिल्लक बॅलन्स मात्र सोबत येत नाही, म्हणून रिचार्ज संपत आल्यावर पोर्ट करणे शहाणपणाचे ठरते.

‘महिन्याचा रिचार्ज’ हा शब्दप्रयोगही फसवा आहे, कारण २८ दिवसांचे १३ रिचार्ज मिळून ३६४ दिवस होतात, म्हणजे वर्षाला बारा नव्हे तर तेरा वेळा पैसे द्यावे लागतात. ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा किमान एकेक पर्याय ठेवण्याचे बंधन ट्रायने २०२२ मध्ये घातले. साधा फोन वापरणाऱ्या वृद्धांना नको असलेल्या इंटरनेटचे पैसे भरावे लागू नयेत, यासाठी केवळ कॉल व संदेशांचा स्वतंत्र पॅक देणेही डिसेंबर २०२४ मध्ये सक्तीचे झाले. जे स्पर्धेने आपणहून दिले नाही, ते येथे नियमाने द्यावे लागले. दुकानदार असा पॅक स्वतःहून सुचवेलच असे नाही. ग्राहकाने तो मागून घ्यावा.

जेथे पर्यायी रेंजच नाही, तेथे तक्रार हाच मार्ग उरतो, आणि ती थेट ट्रायकडे करायची असते हा शेवटचा गैरसमज आहे. ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून तिचा क्रमांक जपून ठेवावा. समाधान न झाल्यास ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते, आणि त्याने ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. मोबाइल सेवेचे वाद ग्राहक आयोगापुढे नेता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी स्पष्ट केले. ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा २०१९ च्या कायद्याने दिली असून, करमाळ्याच्या ग्राहकासाठी हा आयोग सोलापुरात आहे. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास तेथे तक्रारीचे शुल्क लागत नाही.