उडणाऱ्याला उचलून न्यायचं कशाला?

२२ जुलै २०२५ रोजी गाझियाबादजवळच्या हिंडन हवाई तळावर अँटोनोव एएन-१२४ हे अगडबंब मालवाहू विमान उतरलं आणि त्याच्या पोटातून भारतीय भूदलाची पहिली तीन अपाचे हेलिकॉप्टरं बाहेर आली. वाळूच्या रंगाची, डोक्यावर पाती नसलेली. ते फोटो पाहून अनेकांच्या मनात एकच शंका आली: हेलिकॉप्टर स्वतः उडतं ना, मग ते उडत का नाही आलं? शंका रास्त आहे. उत्तरादाखल जे ऐकायला मिळतं, ते मात्र बहुतेक वेळा ऐकीव असतं.

एक म्हणजे, ‘हेलिकॉप्टरला समुद्र ओलांडताच येत नाही’ हे खरं नाही. १९५२ सालीच सिकोर्स्की कंपनीच्या दोन हेलिकॉप्टरांनी लॅब्राडोर, ग्रीनलंड, आइसलँड असे टप्पे घेत अटलांटिक पार केला होता. १९६७ मध्ये अमेरिकी हवाई दलाची दोन हेलिकॉप्टरं न्यूयॉर्कहून निघून कुठेही न उतरता पॅरिसला पोहोचली. त्यांना जवळपास ३१ तास लागले आणि वाटेत नऊ वेळा हवेतल्या हवेत इंधन घ्यावं लागलं. १९८२ मध्ये रॉस पेरो धाकटे आणि जे कोबर्न यांनी हेलिकॉप्टरमधून २९ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा पॅसिफिकमध्ये इंधनासाठी त्यांना एका मालवाहू जहाजावर उतरावं लागलं. शिवाय त्यांच्या दिमतीला एक सी-१३० विमान होतंच.

म्हणजे जमतं, पण परवडत नाही. अपाचेचं उदाहरण घ्या. आतल्या टाकीवर ते पाचशे किलोमीटरच्या आतबाहेर जातं, बाहेरून जादा टाक्या लावल्या तर एकोणीसशेच्या आसपास. हवेत इंधन घ्यायची सोय त्यात नाही. ॲरिझोनातल्या मेसा इथल्या बोइंगच्या कारखान्यापासून हिंडनपर्यंतचं सरळ अंतरच बारा हजार किलोमीटरहून जास्त. ताशी अडीचशे-पावणेतीनशेच्या वेगाने, देशोदेशी थांबे घेत ते यायला कित्येक दिवस लागतील. त्यातही खरी मेख उड्डाणाच्या तासांची. गिअरबॉक्स, रोटरचा माथा, पाती या प्रत्येकाचं आयुष्य तासांत मोजलेलं असतं. तेवढे तास भरले की भाग उतरवायचा, तपासायचा किंवा बदलायचा. कोरी करकरीत वस्तू घरी पोहोचण्याआधीच झिजवायची कुणी?

दुसरा समज वजनाचा. ‘एवढं अवजड धूड न्यायला तेवढंच दांडगं विमान लागणार!’ आकडे वेगळंच सांगतात. रिकामं अपाचे पाच-सहा टनांचं. तीन मिळून फार तर अठरा टन. एएन-१२४ ची क्षमता १२० टनांची. म्हणजे विमान वजनाच्या हिशेबात जवळजवळ मोकळंच आलं. अडचण आकाराची असते. चाळीच्या जिन्यातून लोखंडी कपाट वर नेताना चार माणसांना वजन झेपतं, पण वळणावर कपाट अडतं, तसा हा मामला. अपाचेच्या डोक्यावर लाँगबो रडारचा घुमट बसवलेला असला तर उंची साडेचार मीटरच्या वर जाते. आपल्या हवाई दलाकडच्या सी-१७ ग्लोबमास्टरच्या मालकक्षाची उंची आहे ३.७६ मीटर. ते विमान ७७ टन उचलू शकतं, पण त्याचा उपयोग काय? दारातून आत शिरलं पाहिजे ना! एएन-१२४ चा मालकक्ष ४.४ मीटर उंच, ६.४ मीटर रुंद आणि ३६ मीटरहून लांब. त्याचं नाक वर उचललं जातं आणि पुढची चाकं दुमडून विमान गुडघे टेकल्यासारखं खाली बसतं, त्यामुळे रॅम्पचा चढ कमी होतो. छताला स्वतःच्या क्रेनही आहेत.

म्हणून रडार, पाती, कधी शेपटाचे भाग उतरवतात. चिनूक हेलिकॉप्टरची उंची ५.७ मीटर. ते सी-१७ मध्ये घालायचं तर पाती, रोटरचे माथे, गिअरबॉक्स आणि मागचा उंच मनोराच काढावा लागतो. ‘पाती घडी घातली की झालं’ असं म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा नौदलाची हेलिकॉप्टरं असतात. जहाजावरच्या हँगरमध्ये मावावीत म्हणून त्यांना घडीची सोय मुळातच दिलेली असते. सरसकट सगळ्यांना नसते.

ब्लॅक हॉकची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत मजेशीर वाटते. सत्तरच्या दशकात अमेरिकी भूदलाने अट घातली की नवं हेलिकॉप्टर सी-१३० मध्ये मावलंच पाहिजे. त्या विमानाच्या कक्षाची उंची जेमतेम पावणेतीन मीटर. सिकोर्स्कीच्या अभियंत्यांनी रोटर धडाला अगदी चिकटवून बसवला. धड बुटकं आणि लांबट झालं. हेलिकॉप्टर उडालं, पण आत बसलेल्यांना हादरे असह्य होऊ लागले, कारण पाती छताच्या फार जवळून फिरत होती. शेवटी रोटर वर उचलावा लागला आणि विमानात भरताना काढता येईल असा जोड दांड्याला द्यावा लागला. ब्लॅक हॉकचा तो बसका, दबा धरल्यासारखा चेहरामोहरा काही अंशी दुसऱ्याच एका विमानाच्या दाराने ठरवलेला आहे.

आत ढकलणं हेसुद्धा वाटतं तितकं सरळ नाही. विंचने ओढत नेताना रॅम्पचा चढ संपून जमीन सपाट होते, त्या माथ्यावर हेलिकॉप्टरचं पोट किंवा पोटाखालची अँटेना घासण्याची भीती असते. तिथे चढ सौम्य करायला लाकडी फळ्या रचतात. बाजूंना माणसं उभी असतात आणि ती बोटाबोटाचं अंतर बघून हाळी देतात. आत गेल्यावर साखळ्यांनी बांधायचं, तेही अंदाजाने नाही. अमेरिकी लष्करी वाहतुकीत पुढच्या दिशेने वजनाच्या तिप्पट झटका बसला तरी सामान जागचं हलू नये, असा हिशेब धरतात. इंधन उपसून किमान पातळीवर आणलेलं असतं, बॅटरी तोडलेली असते.

आणि मग ‘उतरलं की उडालं’ हा समज. २०१९ मध्ये हवाई दलाची पहिली अपाचे २७ जुलैला हिंडनला आली आणि पठाणकोटला त्यांचा समावेश झाला ३ सप्टेंबरला. मधल्या दिवसांत काय चालतं? पाती परत चढवायची. कुठलं पातं कुठल्या जागी, हे खुणेने ठरलेलं असतं. अदलाबदल चालत नाही. मग सगळी पाती एकाच प्रतलात फिरतात का ते पाहायचं, कंपनं मोजायची, चिमूटभर वजन इकडेतिकडे करायचं, पुन्हा मोजायचं. त्यानंतर चाचणी उड्डाणं. ज्यांनी फक्त फोटो पाहिला त्यांना मात्र प्रवास हाच मुख्य भाग वाटतो.

हवाई वाहतूक हा एकमेव मार्गही नाही. आपली पहिली चिनूक फेब्रुवारी २०१९ मध्ये जहाजातून गुजरातच्या मुंद्रा बंदरात आली, तिथून चंडीगडला गेली. घाई नसेल तर समुद्रमार्ग स्वस्त पडतो. खाऱ्या हवेपासून बचाव म्हणून हेलिकॉप्टरला प्लॅस्टिकचं घट्ट आवरण घालतात. उलट अंतर थोडं असेल तर ती स्वतःच उडतात. एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर आपली एमआय-१७ हेलिकॉप्टरं नेपाळमध्ये उडतच गेली होती. त्याच वेळी ब्रिटनची तीन चिनूक भारतापर्यंत येऊन नेपाळची परवानगी न मिळाल्याने तिथे न जाताच परतली. काठमांडूच्या एकुलत्या एक धावपट्टीचं नुकसान झाल्याने तिथे १९६ टनांहून जड विमानांना मज्जावही करावा लागला होता.

परवानगीचा विषय निघालाच आहे, तर ‘आकाश सगळ्यांचं’ हेही मनातून काढून टाकलेलं बरं. लष्करी सामान घेऊन निघालेल्या भाड्याच्या विमानाला वाटेतल्या देशांची आधी मंजुरी लागते. भूदलाच्या उरलेल्या तीन अपाचेंना घेऊन निघालेलं अँटोनोव नोव्हेंबर २०२५ मध्ये इंग्लंडपर्यंत येऊन अमेरिकेला परत फिरलं. तुर्कस्तानने हद्द ओलांडू दिली नाही, अशा बातम्या तेव्हा आल्या. हेलिकॉप्टरं अखेर डिसेंबरमध्ये पोहोचली. मुळात एएन-१२४ जगात थोडकीच. पन्नास-पंचावन्न बनली, त्यातली काही रशियन कंपन्यांकडे, म्हणजे निर्बंधांमुळे पाश्चिमात्य ग्राहकांना बंद. त्याचं आकाराने मोठं भावंड एएन-२२५ फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधल्या होस्तोमेल विमानतळावर नष्ट झालं.

राहता राहिला हेलिकॉप्टरनेच हेलिकॉप्टर नेण्याचा प्रकार. तो होतो, पण विमानाच्या पोटातून नेण्याशी त्याची गल्लत करू नये. २००२ मध्ये अफगाणिस्तानच्या डोंगरात अडकलेलं अमेरिकी चिनूक एका एमआय-२६ ने दोराला लटकवून बाहेर काढलं होतं. ३१ ऑगस्ट २०२४ ला केदारनाथजवळ मात्र हवाई दलाचं एमआय-१७ बिघडलेलं खासगी हेलिकॉप्टर असंच लटकवून नेत असताना वारा आणि झोक्यामुळे तोल जाऊ लागला. वैमानिकाने मोकळी जागा बघून ते खाली सोडून दिलं. त्यात कोणी माणूस नव्हता आणि वरचं एमआय-१७ सुखरूप राहिलं. लटकवलेल्या ओझ्याचा करार हाच असतो: वरच्याच्या जिवावर बेतलं, तर खालचं सोडायचं.