'ओके' नको, रीडिंग मागा!



वसमत, कळमनुरीकडून फोन येतात, "सर, घरीच हळद दळायची गिरणी टाकतोय, मशीन कोणती घेऊ?" मी उलट विचारतो, वायरिंग कुणी तपासलं? उत्तर ठरलेलं: "टेस्ट रिपोर्ट आहे ना सर!"

तसा रिपोर्ट माझ्याही फाइलीत होता. माणूस आला, टेस्टरने दोन सॉकेट बघितले, चहा घेतला, सही ठोकली. डीबीचं झाकणसुद्धा उघडलं नाही. अर्थिंगच्या रकान्यात नुसतं 'ओके'. ओके हे काय रीडिंग असतं का हो?

आता गिरणीचा हिशोब बघा. ३ एचपीची सिंगल फेज मोटर पूर्ण लोडवर १५ अँपिअरच्या पुढे ओढते, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. ज्या वायरवर काल दोन ट्यूब आणि पंखा होता, तिच्यावरच ही मोटर जोडली तर वायर तापते, इन्सुलेशन वितळतं. वरून हळदीची बारीक भुकटी, तीही पेट घेते. आणि आपली काळी जमीन! पावसाळ्यात अर्थिंग छान लागतं, मे महिन्यात जमीन भेगाळली की तेच अर्थिंग कमजोर होतं. म्हणून रीडिंग उन्हाळ्यात घ्यायचं, खड्ड्यात पाणी घालत राहायचं.

तपासणीला माणूस आला की समोर उभं राहा. मेगर ५०० व्होल्टवर लावून आकडा लिहायला सांगा, किमान १ मेगाओहम तरी यायलाच पाहिजे. अर्थ टेस्टरचा आकडा वेगळा, तोही लिहून घ्या. आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची आहे का, टेस्ट बटण दाबल्यावर पडते का, हे तर तुम्हीही बघू शकता.

तपासणी फालतू झाली असेल तर भांडू नका. गावात उद्या परत त्याच्याशीच काम पडतं. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा: "भाऊ, रिपोर्टात मेगर आणि अर्थिंगचे आकडे राहिलेत. मीटर घेऊन या, माझ्यासमोर घेऊ." उरलेले पैसे त्यानंतरच द्या. (मी आधीच देऊन बसलो होतो, माझीच चूक.) नाहीच आला, तर दुसऱ्या परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरकडून तपासून घ्या आणि दोन्ही रिपोर्ट जोडून विद्युत निरीक्षकांकडे लेखी अर्ज द्या. पैसे परत हवे असतील तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. पण हा मार्ग वेळखाऊ आहे, गिरणी तोपर्यंत थांबवून ठेवू नका.

"एवढं कशाला, सर?" असं कुणीतरी म्हणतंच. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागली, १० नवजात बाळं गेली. राज्यभरातल्या रुग्णालयांच्या तपासणीचे आदेश त्यानंतर निघाले. तुमच्या गिरणीमागच्या खोलीत तर तुमचीच लेकरं झोपतात.

मेगर कसा लावतात ते व्हिडिओत दाखवलंय. बघताना आपल्या रिपोर्टचा कागद हातात ठेवा आणि किती रकान्यांत नुसतं 'ओके' आहे ते मोजा.