सलाईनमधला सोमल

सोमल म्हटलं की आपल्याला आधी विषप्रयोगच आठवतो. आयुर्वेदाच्या रसशास्त्रात तो ‘मल्ल’ म्हणून ओळखीचा आहे. युरोपात १७८६ साली थॉमस फाउलर यांनी त्याचं औषधी द्रावण केलं आणि पुढच्या शतकात ते रक्ताच्या कर्करोगावरही वापरलं गेलं. नंतर ते मागे पडलं. सोमल, म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइड, पुन्हा कर्करोगाच्या वॉर्डात आला तो ईशान्य चीनमधल्या हार्बिनहून.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या खेड्यापाड्यांत एका पारंपरिक औषधाचा बोलबाला होता. त्यात सोमल, पाऱ्याचा क्षार आणि भेकाचं विष! हार्बिनच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातले औषधनिर्माते हान ताइयुन यांनी त्याचं इंजेक्शन केलं. आधुनिक वैद्यक शिकून मग चिनी परंपरेचा अभ्यास केलेले डॉक्टर झांग टिंगडोंग त्यांना येऊन मिळाले. पुढचं काम मला साऱ्या हकिकतीत सर्वांत मोलाचं वाटतं. त्यांनी त्या नुसख्यातला एकेक घटक वेगळा काढून पाहिला. पाऱ्यानं मूत्रपिंडाला इजा व्हायची, भेकाच्या विषानं रक्तदाब चढायचा. दोन्ही वगळले तरी गुण येत राहिला. तो सोमलाचा होता. ‘कर्करोगावर औषध’ हा ढोबळ दावाही आक्रसत आक्रसत ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या एकाच प्रकारावर येऊन थांबला. (आपल्याकडे दावे बहुधा फुगत जातात.)

या आजारात १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, त्यातून एक विकृत प्रथिन तयार होतं आणि पांढऱ्या पेशींची वाढ अर्ध्यावरच अडते. रक्तस्राव होऊन रुग्ण झपाट्यानं दगावायचा. हार्बिनचे निबंध चिनी नियतकालिकांत पडून होते. १९९०च्या दशकात शांघायचे वांग झेनयी, चेन झू आणि सहकाऱ्यांनी हार्बिनकरांबरोबर काम करून सोमलाचा पेशींवरचा परिणाम उलगडायला घेतला. सोमल त्या विकृत प्रथिनालाच चिकटतो आणि त्याचा नाश घडवतो, हे पुढे स्पष्ट झालं. १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग कर्करोग रुग्णालयात आजार उलटलेल्या १२ पैकी ११ रुग्णांच्या रक्तातून तो पूर्ण ओसरला. २००० साली अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. २०१३ मध्ये इटली-जर्मनीतल्या चाचणीत, फार धोक्यात नसलेल्या रुग्णांना सोमल आणि ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातलं ट्रेटिनॉइन दिलं गेलं. निकाल नेहमीच्या केमोथेरपीच्या उपचारापेक्षा कमी ठरला नाही.

भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं नुसत्या सोमलानं ७२ रुग्णांवर उपचार केले. २००६ च्या अहवालात सुमारे ८६ टक्क्यांचा आजार ओसरल्याची नोंद आहे. मात्र या औषधाची नेहमीची मात्रा वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.१५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ९ मिलिग्रॅम, तीही शिरेतून आणि हृदयाचा आलेख, पोटॅशियम, मॅग्नेशियम सतत तपासत. मल्लाची पुडी आणून घरी हा प्रयोग करणाऱ्याच्या हाती यातलं काहीच नसतं.